रोजचं मनन: प्रार्थनासभेनंतर दारात विचारले जाणारे प्रश्न

घरगुती प्रार्थनासभेत "काही प्रश्न?" म्हटलं की सगळे खाली मान घालून बायबलची पानं चाळतात. खरे प्रश्न नंतर येतात. चहा झालेला असतो, सतरंजी गुंडाळलेली असते, माणसं दारात चपला शोधत असतात, तेव्हा. ऐरोली, कोपरखैरणे, कळवा, घोडबंदर रोड अशा ठिकाणी दारात विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत कॅथलिकही असतात आणि प्रोटेस्टंटही, त्यामुळे उत्तरं दोघांना चालतील अशी ठेवली आहेत. जिथे माझं मत डोकावेल तिथे ते माझंच समजा, मंडळीचं नव्हे.

रोजचं मनन म्हणजे नेमकं करायचं काय?

शास्त्रातला एक लहान उतारा सावकाश वाचायचा. वाचताना मन जिथे अडेल तिथे थांबायचं. त्याबद्दल देवाशी बोलायचं. आणि उठण्याआधी ठरवायचं, की आज हे कोणाच्या बाबतीत करायचं आहे. "काय करायचं" याइतकंच "कोणाच्या बाबतीत" महत्त्वाचं, आणि नेमकं तेच गाळलं जातं. बाराव्या शतकातल्या गिगो द्वितीय या कार्थुसियन मठवासीयाने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्या लिहून ठेवल्या. कॅथलिक मंडळी त्यांना 'लेक्सियो दिविना' म्हणून ओळखतात. कृतीची पायरी अनेक जण त्यापुढे जोडतात. माझ्या मते वेळ कमी असेल तर आधीच्या चार पायऱ्या थोडक्यात उरकाव्यात, पण पाचवी सोडू नये.

किती वेळ लागतो?

पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. पाच मिळाली तरी बसा.

सुरुवात कुठून करू? उत्पत्तीपासून सरळ वाचत जाऊ का?

नको. उत्पत्ती झरझर जातं, निर्गममध्ये लाल समुद्रापर्यंत मजा येते, आणि मग लेवीयमध्ये गाडी मुंब्र्याच्या अलीकडे सिग्नलला थांबावी तशी थांबते ती थांबतेच. जानेवारीत सुरू झालेली कितीतरी वाचनं फेब्रुवारीत तिथेच अडकलेली असतात.

मार्कपासून सुरू करा. चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, अवघे १६ अध्याय. येशू त्यात सतत चालताना दिसतो. एका रविवारी दुपारी सगळं एका बैठकीत वाचा, मग रोज एकेक प्रसंग घ्या. त्यानंतर लूक, मग रोमकरांस पत्राचा १२वा अध्याय, आणि मधूनमधून स्तोत्रं.

कॅथलिक असाल तर मिस्साचे, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचे, रोजचे उतारे ठरलेलेच असतात. रविवारचे उतारे तीन वर्षांच्या चक्रात फिरतात, इतर दिवसांचं पहिलं वाचन बहुतेक वर्षभर दोन वर्षांच्या. याचा एक मोठा फायदा म्हणजे आवडीचाच उतारा निवडण्याची सोय राहत नाही. ज्या वचनाला आपण बगल देत असतो तेच एखाद्या मंगळवारी समोर उभं राहतं.

कोणतं मराठी बायबल घ्यावं? जुनी भाषा जड जाते.

बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र' बहुतेक प्रोटेस्टंट घरांत असतंच. त्याची भाषा भारदस्त आहे, पाठांतराला उत्तम. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून स्वतंत्र भाषांतर केलं. ओघवत्या आजच्या मराठीसाठी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' आहे, त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेला आहे. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६, तेव्हा शेजारणीच्या बायबलमध्ये मक्काबी सापडलं तर दचकू नका.

मनन सोप्या भाषेत करा, पाठांतर जड भाषेत. आजीला जुनीच ओवी आठवते, त्याला कारण आहे.

सकाळी वेळच नसतो. डबा, मुलांची शाळा, मग लोकल. गाडीत केलं तर चालेल?

चालेल, पण तयारी आदल्या रात्री करा. ठाणे–वाशी गाडीत अर्धा तास मिळतो आणि ऐरोली-रबाळेला गर्दी थोडी हलते, हे खरं. पण उभ्या गर्दीत, एका हाताने कडी धरून, फोनवर नवा उतारा वाचून डोक्यात काही शिरत नाही. रात्री झोपताना उतारा वाचून ठेवा आणि त्यातलं एकच वाक्य गाडीत सोबत घ्या. तेच मनात घोळवत राहा.

एक गंमत बघा. मार्कच्या पहिल्याच अध्यायात येशू पहाटे अंधारात उठून एकांतात प्रार्थनेला जातो, आणि लगेच शिमोन व सोबती शोधत येऊन सांगतात की सगळे लोक तुमचा शोध करत आहेत. येशूची सकाळसुद्धा अखंड राहिली नाही. पण त्यांच्या हाकेने त्याचा दिवस ठरला नाही. मागे कफर्णहूमला परतण्याऐवजी "आपण आसपासच्या गावांत जाऊ" असं तो म्हणाला. मिनिटं त्याला किती मिळाली हे मार्क सांगत नाही. त्या मिनिटांनी दिवसाची दिशा ठरवली, एवढंच दाखवतो.

रोज व्हॉट्सअॅपवर वचन पाठवतो. ते मनन धरायचं का?

फुलांच्या चित्रावर वचन टाकून पुढे ढकलणं ही शुभेच्छा झाली. वाईट काहीच नाही, पण मनन नव्हे.

सगळ्यात जास्त फिरणारं वचन घ्या: यिर्मया २९:११. देवाच्या मनात तुमच्याविषयी हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत. दहावीच्या निकालाला, नव्या नोकरीला, व्हिसाला, सगळ्याला हेच. हे वचन यिर्मयाने बाबेलात कैद करून नेलेल्या यहुद्यांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. आता त्याच्या आधीची ओळ वाचा. बाबेलात ७० वर्षं पूर्ण झाल्यावर परत आणीन, असं तिथे लिहिलंय. म्हणजे हे पत्र ज्यांच्या हाती पडलं त्यांतले बहुतेक जण घरी परतण्याआधीच मरणार होते! तेवढ्या काळात करायचं काय, तेही यिर्मया सांगतो: घरं बांधा, त्यांत राहा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हांला नेलं आहे त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचं हित आहे.

नवी मुंबईत हे वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं. आपल्या सभांतली निम्मी घरं अहिल्यानगर, जालना, संभाजीनगर, सोलापूरकडून आलेली. कोणी एमआयडीसीत, कोणी तुर्भ्याच्या मार्केटात, कोणी इस्पितळात नर्स. जबरदस्तीने कोणी आणलं नाही, हा फरक आहेच. तरी वीस वर्षं राहून "आमचं गाव" म्हणताना बोट तिकडेच जातं, आणि इथल्या सेक्टरचा नगरसेवक कोण ते माहीत नसतं. सोसायटीच्या वार्षिक सभेला जाणं, मतदार यादीत नाव घालणं, वॉर्डात गॅस्ट्रोची साथ असेल तर त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करणं, हे सगळं त्या पत्राच्या आज्ञेतच बसतं. पुढच्या वेळी अकरावी ओवी पाठवाल तेव्हा सातवीही जोडा.

नवीकरण म्हणतात ते मला जाणवतच नाही. मी तीच चिडकी बाई आहे.

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि बहुतेक वेळा खूप प्रामाणिक माणसांकडून येतो.

रोमकरांस १२:२ मध्ये पौल म्हणतो की मनाच्या नवीकरणाने स्वतःचं रूपांतर होऊ द्या. आपण तिथेच थांबतो आणि डोळे मिटून रूपांतराची वाट पाहतो. अध्याय मात्र पुढे चालूच राहतो. स्वतःला अवास्तव मोठं समजू नका. पाहुणचारात तत्पर राहा. छळणाऱ्यांना आशीर्वाद द्या. आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा, रडणाऱ्यांबरोबर रडा. सूड घेऊ नका. शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला द्या. नवं झालेलं मन कसं दिसतं, याचं पौलाने केलेलं वर्णन हे असं आहे. त्यात एकही भावना "जाणवायला" सांगितलेली नाही. रोजच्या घरातल्या, ताटातल्या, बोलण्यातल्या गोष्टी आहेत.

म्हणून "मला नवं वाटतंय का" हे तपासणं सोडा. त्याऐवजी बघा, की मागच्या वर्षी ज्या माणसाचा फोन आला की आपण उचलत नव्हतो, तो आता उचलतो का. चिडणं कदाचित राहील. चिडल्यावर माफी मागायला पूर्वी चार दिवस लागत होते आणि आता संध्याकाळपर्यंत मागितली जाते, तर त्याला नवीकरण म्हणायला माझी हरकत नाही.

आणखी एक. देवाची करुणा रोज सकाळी नवी होते, हे वचन आपण उत्साहाचं समजतो. ते विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात आहे. यरुशलेम पडलं, मंदिर जळलं, रस्त्यांवर मुलं भुकेने कोसळली, त्या आकांताच्या पाच कवितांच्या ऐन मध्यावर. त्याच्यापुढेही रडणं संपत नाही, दोन अध्याय आणखी आहे. वाईट रात्रीनंतरच्या सकाळी ते वचन जास्त खरं वाटतं, ते त्यामुळेच.

प्रीती करा म्हणता. वरच्या मजल्यावरची बाई दोन वर्षं गळती दुरुस्त करत नाही, तिच्यावर?

हा प्रश्न जसाच्या तसा एका ताईंनी कळव्यात विचारला होता. बाथरूमच्या छताला ओल, रंगाचे पोपडे बादलीत पडतायत, आणि त्या दिवशीचा उतारा १ करिंथ १३. "म्हणजे मी आता गळती विसरायची का?"

तो अध्याय आपण लग्नातच ऐकतो, त्यामुळे तो गोड वाटतो. पौलाने तो लिहिला भांडकुदळ मंडळीला. त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात तिथले भाऊ एकमेकांना कोर्टात खेचतायत, अकराव्यात प्रभुभोजनाला जमलेले काही जण आधीच खाऊनपिऊन तर्र आणि बाकीचे उपाशी. प्रीती सहनशील आहे, हे वाक्य त्या लोकांसाठी आहे. त्याच अध्यायात ती सत्यात आनंद मानते असंही आहे, आणि छत गळतंय हे सत्यच.

ताईंनी सोसायटीला दिलेला अर्ज मागे घेतला नाही. पण तिसरं पत्र पाठवायच्या ऐवजी त्या प्लंबरला घेऊन स्वतः वर गेल्या. वरच्या बाईंचा नवरा आजारी होता, पैशांची ओढाताण होती, हे तेव्हा कळलं. खर्च हप्त्यांनी द्यायचं ठरलं. दोघी आजही लिफ्टमध्ये फारसं बोलत नाहीत. छत मात्र कोरडं आहे.

रस्त्यात जखमी पडलेल्या परक्याला उतारशाळेत नेणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातही प्रीतीला हिशेब आहे. त्याने उतारशाळेवाल्याला दोन दीनार दिले, म्हणजे साधारण मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि वर खर्च झाला तर परत येताना देतो म्हणाला. किती दिले, उरलेले कधी देणार, सगळं बोलून ठेवलं. जखमी माणूस त्याला आवडला होता का, याबद्दल लूक चकार शब्द काढत नाही.

माफ करायलाच हवं का? घरात मारहाण होते, तरीही?

इथे घाई नको, म्हणून आधी व्यवहाराचं बोलतो. जिवाला धोका असेल तर ११२ ला फोन करा, महिलांसाठी १८१ आहे. मूल असेल तर त्याला घेऊन सुरक्षित जागी जा. हे करणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे.

किती वेळा क्षमा करायची, तर "सत्तर वेळा सात", हे मत्तयाच्या १८व्या अध्यायात आहे. ते ऐकवणारे त्याच अध्यायातली १५ ते १७ वचनं का ऐकवत नाहीत, हे मला कळलेलं नाही. तिथे येशू सांगतो: भावाने अपराध केला तर त्याला एकांतात सांग, ऐकलं नाही तर एक-दोन साक्षीदार घे, तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग. म्हणजे क्षमेच्या आधी अपराधाला अपराध म्हणणं आलं, साक्षीदार आले. "घरातली गोष्ट घरात ठेव" असा सल्ला त्या अध्यायात नाही. क्षमा म्हणजे मनातला सूड सोडणं. त्यासाठी पुन्हा त्याच खोलीत मार खायला जाऊन बसावं लागत नाही. पाळक किंवा फादर उलटं सांगत असतील तर दुसऱ्या कोणाशी बोला.

आपल्या ठाण्याचा या सगळ्याशी काही जुना संबंध आहे का? की हे इंग्रजांबरोबर आलं?

इंग्रजांच्या कितीतरी आधीचा आहे. मासुंदा तलावाकाठचं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळातलं. त्याच्याही आधी, १३२१ साली, चीनकडे निघालेले फ्रान्सिस्कन संघाचे चार मठवासी ठाण्यात उतरले: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस. ते इथल्या एका ख्रिस्ती घरात राहिले. ही घरं पूर्वेकडच्या, नेस्टोरियन म्हणवल्या जाणाऱ्या परंपरेतली होती. म्हणजे तेव्हाही ठाण्यात ख्रिस्ती कुटुंबं होती, आणि तीही युरोपीय पद्धतीची नव्हेत. त्या एप्रिलमध्ये चौघांना ठार करण्यात आलं. पुढे ओडोरिक नावाच्या प्रवाशाने त्यांच्या अस्थी चीनला नेल्या आणि सगळी हकीगत लिहून ठेवली.

त्या हकिगतीतला एक तपशील फारसा सांगितला जात नाही. यजमानाने रात्री बायकोला मारलं. सकाळी ती काझीकडे गेली. पुरावा काय, असं विचारल्यावर ती म्हणाली, आमच्या घरी चार धर्मगुरू उतरलेत, त्यांच्यादेखत घडलंय. त्यांना बोलावणं आलं ते त्यावरून, आणि पुढे विषय मारहाणीवरून धर्मावर गेला. बाईचं नाव ओडोरिकने दिलेलं नाही, तिच्या फिर्यादीचं काय झालं तेही नाही. मागच्या प्रश्नाच्या शेजारी हे उत्तर मुद्दाम ठेवलंय. ठाण्याच्या हुतात्म्यांचं स्मरण करताना त्या बाईसाठीही एक प्रार्थना व्हावी, असं मला वाटतं.

येशूच्या मागे जायचं म्हणजे नोकरी सोडायची?

कोणाला सोडावी लागते, कोणाला नाही. लेवी जकातीच्या नाक्यावरून उठला तो निघालाच. जक्कय त्याच धंद्यातला, पण त्याला येशूने नाका सोडायला सांगितल्याचं लूक लिहीत नाही. त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं. आणि गरसेकरांच्या प्रांतातला भूतग्रस्त बरा झाल्यावर "मला तुमच्याबरोबर येऊ द्या" म्हणून विनवत होता, तर येशूने त्याला होडीत घेतलंच नाही. घरी, तुझ्या लोकांकडे जा म्हणाला. घरच्यांना तोंड दाखवणं त्याला होडीत बसण्यापेक्षा अवघड गेलं असणार.

बिलात आकडा फुगवायला सांगणारा साहेब, सेल्सचं खोटं टार्गेट, कंत्राटी कामगाराचा अडवून ठेवलेला पगार, हे ज्याच्या टेबलावर येतं त्याच्यासाठी मागे जाणं त्या टेबलावरच आहे.

नवरा हिंदू आहे, घरी दीड दिवसाचा गणपती बसतो. माझं मनन कसं चालणार?

चालतं. पहाटे किंवा सगळे झोपल्यावर, आवाज न करता. सणाच्या दिवशी घरातल्या कामाला हात लावा, सासूबाईंचे पाय दुखतात तर त्यांना बसवा. पूजेत किती भाग घ्यायचा हे तुमच्या विवेकाने आणि तुमच्या पाळकांशी बोलून ठरवा, पण ठरवलेलं नवऱ्याला आधी सांगा, ऐन आरतीला नको.

आपल्याकडे याचं मोठं उदाहरण उलट्या बाजूचं आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. दोघं काही वर्षं वेगळी राहिली. नंतर त्या आपल्या पायांनी, आपल्या विचाराने आल्या, आणि ते सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये इतक्या मिश्कीलपणे लिहिलं की वाचताना टिळकांचीच जास्त दया येते. जोडीदाराला ढकलून काही होत नाही.

जपमाळ केली तर मनन झालं का?

गूढांवर, म्हणजे येशू आणि मरियेच्या जीवनातल्या प्रसंगांवर, मन ठेवून केली तर झालं. टीव्ही बघत मणी सरकवले तर नाही.

उपवासकाळात, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, काय वेगळं करावं?

मटण सोडण्याआधी यशया ५८ वाचा. उपास करता आणि त्याच दिवशी मजुरांना राबवून घेता, असं तिथे देव थेट तोंडावर म्हणतो. घरकामाच्या मावशींना चाळीस दिवसांत एक भरपगारी सुट्टी जास्त देणं हाही उपासच.

महिनोन्‌महिने काहीच वाटत नाही. देव ऐकतो की नाही तेही कळत नाही. थांबवू का?

थांबवू नका, फक्त आनंदी उतारे बाजूला ठेवा. ८८वं स्तोत्र वाचा. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. अंधारातच संपतं. तरीही ते शास्त्रात ठेवलेलं आहे, आणि ते म्हणणारा सबंध वेळ देवालाच उद्देशून बोलतोय. झोप, भूक उडाली असेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर डॉक्टरकडेही जा. प्रार्थना आणि गोळी यांत भांडण नाही.

वहीत लिहावं का?

दोन ओळी. उतारा कोणता, आणि आज कोणासाठी काय करायचं. नाव लिहाच, "सर्वांवर प्रीती" असं नको. वही मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

मध्ये चार दिवस चुकले. मागचं भरून काढू का?

नाही. आजची तारीख घाला आणि आजचा उतारा वाचा.